पहिली कळशी

गल्लीतली पोरं तिला बाटलीवाली म्हणायची. खरं तर तिचा धंदा इस्त्रीचा. खालच्या गल्लीतल्या अगदी शेवटच्या घरात, दाराला लागूनच तिचं टेबल होतं. त्यावर जुनं ब्लँकेट अंथरलेलं, आणि शेजारी कोळशाची जड इस्त्री. शर्टाच्या कॉलरी ती इतक्या कडक करायची की तिची नणंद म्हणायची, "वहिनी, एखाद्याचा गळा कापला जाईल गं तुझ्या कॉलरीनं. जरा बेतानं."

पण गेली काही वर्षं इस्त्रीपेक्षा बाटलीनंच तिला नाव दिलं होतं. काचेची इवलीशी बाटली, आणि सोबत औषधाची कुपी. नळाचं पाणी बाटलीत धरायचं, कुपीतले थेंब टाकायचे, झाकण लावून हलवायचं. पाणी पिवळं झालं की समजायचं, टाकीत घातलेलं क्लोरीन इथवर पोचलंय, पाणी बिनघोर प्या. पांढरंच राहिलं तर काहीतरी बिघडलंय. ते काम पाणी समितीनं तिच्याकडे सोपवलं होतं, आणि ती ते डोळ्यांत तेल घालून करायची.

ही समिती काही एका दिवसात उभी राहिली नव्हती. आधी इथलं पाणी एका माणसाच्या मर्जीवर चालायचं. व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडे. मनात आलं तर सोडणार, नाही आलं तर नाही. त्याच्या पुढे पुढे करण्यात बायकांचं अर्धं आयुष्य गेलं. मग एका संस्थेचे सर आले. पांढरे होत चाललेले केस, खांद्याला पिशवी, आवाज कायम खालच्या पट्टीतला. त्यांनी दोन्ही गल्ल्यांतल्या बायकांना एकत्र बसवलं, टाकी दाखवली, पाईप कुठून कुठे जातो ते मातीत काठीनं रेघा ओढून समजावलं, बैठक कशी घ्यायची ते शिकवलं. पहिल्या बैठकीत एकीच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. आता एकीलाही गप्प बसवणं कठीण होतं.

अध्यक्ष झाली बाटलीवालीची नणंद, वरच्या गल्लीत राहणारी. स्वतःचा नवरा गेल्यानंतरही बाटलीवालीनं तिला वन्सं म्हणणं सोडलं नव्हतं, आणि वन्संनीही तिच्यावर डाफरणं सोडलं नव्हतं. दोघींचं त्यात बरं चाललं होतं. व्हॉल्व्हच्या चेंबरला समितीनं दोन कुलुपं लावली होती. एक चावी वन्संच्या गळ्यातल्या दोरीत, दुसरी बाटलीवालीच्या. पुन्हा कधी पाणी एकाच माणसाच्या मुठीत जायला नको, म्हणून दोघी असल्याशिवाय झाकण उघडायचंच नाही. ही कल्पना बायकांचीच. सरांना ती इतकी आवडली की ते जातील तिथे सांगत सुटले.

आता सरांचं काम संपत आलं होतं. दोन-चार दिवसांत पाणीखात्याचे साहेब येणार, सगळं पाहणार, आणि योजना कायमची समितीच्या ताब्यात देणार होते. हे ठरल्यापासून सरांनी एक नेमच धरला होता. बैठकीला यायचे, कोपऱ्यात बसायचे, पण काही विचारलं तर एकच उत्तर, "समितीचं काय मत आहे?"

"सर, पंखा लावू का?" एकदा कुणीतरी मुद्दाम विचारलं होतं.

"समितीचं काय मत आहे?"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

हे सगळं चांगलंच होतं. म्हणूनच बाटलीवालीच्या घरातली छोटी आजारी पडली तेव्हा पाण्याचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही.

छोटी म्हणजे तिच्या लेकीची लेक. जावई कामासाठी लांब असायचा, म्हणून मायलेकी इथेच राहायच्या. पोरगी नुकती भिंतीला धरून उभी राहू लागली होती. इस्त्रीच्या टेबलाचा पाय धरायची आणि वर बघून हसायची. आधी जुलाब लागले. लेक म्हणाली, "दात येत असतील."

"येत असतील," आजी म्हणाली. पण पलीकडच्या सुताराच्या धाकट्यालाही परवापासून हेच होत होतं, आणि त्याचे दात तर कधीचे आलेले.

"आई, पाण्यामुळे नाही ना गं?"

"पाणी?" ती जवळजवळ खेकसलीच. "माझ्या हातानं तपासलंय. पिवळंजर्द!"

आणि ते खरंच होतं. सकाळीच तर तपासलं होतं. लेक घाबरली आहे हे दिसत होतं, म्हणून तिच्या समाधानासाठी दुसऱ्या दिवशी नळ आल्यावर तिनं तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा थेंब टाकले. बाटली उजेडात धरली. पिवळी. स्वच्छ, नितळ पिवळी.

"बघ. झालं समाधान?"

लेकीनं मान हलवली. मग दोघींनी मिळून कळशीतलं पाणी घेतलं, मीठ-साखर घातली, आणि चमचा चमचा छोटीला पाजत राहिल्या. पाणी उकळायचं ना तिच्या मनात आलं, ना लेकीच्या. उकळायची गरज नाही, जळण वाचवा, हे साऱ्या गल्लीला बाटलीवालीनंच दारोदार जाऊन पटवलं होतं. लोकांनी ऐकलंही होतं. तिचं लोक ऐकायचे.

छोटी चमच्यामागून चमचा पीत होती. तहानलेली असायची, वाटी दिसली की हात पुढे करायची. जितकं पाजावं तितकं अंगातून निघून जात होतं. दुपारपर्यंत ती रडेनाशी झाली. रडणारं पोर नको वाटतं, पण न रडणारं पोर मांडीवर घेऊन बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, मोडलेल्या कापडासारखी. कापड असतं तर तिनं इस्त्री फिरवली असती.

लेक तिला घेऊन रिक्षानं मोठ्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, लघवी होईपर्यंत काही सांगता येत नाही. हे लेकीनं फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "आई, सकाळी येताना कपडे आण. आणि पाणी आण गं आपल्या घरचं. इथल्या नळावर माझा भरवसा नाही."

सकाळी नळ आला तेव्हा तिनं रोजच्यासारखीच पहिली कळशी भरली. खालच्या गल्लीची ही रीतच होती. पाणी येणार घटकाभर, कधी जाईल नेम नाही. म्हणून दारादारातून आधी पिण्याचं भरून घ्यायचं, मग स्वयंपाकाचं, मग पिंपं, मग धुणंभांडी. कळशी भरून बाजूला ठेवली आणि ती बाटली आणायला आत गेली. घरात काहीही होवो, चाचणी चुकवायची नाही.

बाहेर येऊन बघते तर सुतारीणबाईंनी नळाला आपला पाईप लावलेला. त्यांचा नळ कालपासून गळत होता, त्यावर पिण्याची कळशी तेवढी कशीबशी भरायची.

"काकू, दोन मिनिटं हं. पिंप भरतेय. धाकटा रात्रभर झोपू देत नाहीये, माझं डोकं ठिकाणावर नाही."

"भरा, भरा."

दवाखान्यात जायची घाई होती. सुतारीणबाईंना पाईप काढा म्हणणं जिवावर आलं. मग तिनं सरळ कळशीतलंच पाणी बाटलीत ओतलं, थेंब टाकले, झाकण लावून हलवलं.

पांढरं.

तिला वाटलं, थेंब कमी पडले. आणखी टाकले. पांढरंच. कुपी जुनी झाली असेल? तेवढ्यात सुतारीणबाईंनी पाईप काढला. तिनं जोडीच्या दुसऱ्या बाटलीत नळाचं पाणी धरलं, त्याच कुपीतले थेंब टाकले. पिवळं. कळशीतलं पुन्हा. पांढरं.

ती दारातच बसली. हातात दोन बाटल्या, आणि सुतारीणबाई काहीतरी बोलत होत्या ते ऐकूच येईना.

सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "नळाच्या तोंडाला धूळ असते, दहा जणांचे हात लागलेले असतात. आधी पाणी थोडा वेळ वाहू द्या, मग बाटली धरा." चुकीचं नव्हतं काही. तिनं ते अक्षर न् अक्षर पाळलं होतं. एवढी वर्षं ती पाणी वाहू देत होती, आणि मग तपासत होती. आणि जे वाहून जायचं ते वाया जायचं नाही. ते कळशीत जायचं. प्रत्येक घरात पिण्याची कळशी त्याच पाण्यानं भरायची.

पण पहिल्याच पाण्यात घाण आली कुठून? तिनं मान वळवली आणि गल्लीभर ओळीनं उभे असलेले नवे संडास पाहिले. समितीचंच काम. केवढं कौतुक झालं होतं. त्यांचे शोषखड्डे गल्लीतल्या बाप्यांनी स्वतः खणले होते, आणि खडकाळ जमिनीत कुदळ लागेना म्हणून जिथे माती मऊ लागली तिथे खणले होते. मऊ माती कुठली? जिथे आधी पाईपासाठी चर खणून बुजवला होता तिथली. "बघा, कसं भराभर काम झालं," असं ती स्वतःच म्हणाली होती, सगळ्यांना चहा देताना. पाणी बंद झालं की पाईप रिकामा होतो, आणि रिकामा पाईप सैल जोडातून आजूबाजूची ओल आत ओढतो, हेही सरांनीच शिकवलं होतं. ते तिला तोंडपाठ होतं. फक्त दोन्ही गोष्टी जमिनीखाली एकमेकींना भेटल्या आहेत हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

छोटीच्या वाटीतलं पाणी. चमच्यामागून चमचा.

कळशी कमरेवर घेऊन ती टाकीकडे निघाली. चढ होता, पण ती पळत गेली.

टाकीपाशी उद्याच्या पाहणीची तयारी चालली होती. बायका टाकीला चुना देत होत्या. वन्सं हातात झाडू घेऊन जिला तिला कामाला लावत होत्या. सर एका बाजूला पिशवी मांडीवर घेऊन दगडावर बसले होते.

"या बाटलीवाली!" कुणीतरी हाक मारली. "पोरगी कशी आहे गं?"

तिनं कळशी खाली ठेवली, बाटल्या काढल्या आणि सगळ्यांसमोर पुन्हा तेच करून दाखवलं. कळशीतलं पांढरं. टाकीच्या नळाचं पिवळं. धापा टाकत टाकत सांगितलं. खड्डे, पाईप, पहिलं पाणी.

 चुन्याचा थेंब एकीच्या पायावर पडला, तिनं तो पुसलाही नाही.

"वन्सं, खालचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा. आत्ता. चावी द्या."

"आत्ता?" वन्संनी झाडू खाली ठेवला. "उद्या साहेब येताहेत. खालच्या गल्लीत जातील, नळ सोडतील, आणि नळातून काय येणार? हवा? म्हणतील, बघा, बायकांच्या हाती दिलं की हे असं. आणि उद्यापासून तो मेला पुन्हा व्हॉल्व्हवर येऊन बसेल. विसरलीस त्याचे दिवस?"

"नाही विसरले."

"मग एक दिवस थांब. उद्या साहेब गेले की लगेच बंद करू. लोकांना सांगू, उकळून प्या."

"पाणी उकळू नका म्हणून मीच सांगत फिरलेय, वन्सं. आज सांगितलं तर किती जण ऐकतील? आणि ऐकेपर्यंत किती जणांच्या पोटात जाईल?"

मग ती सरांकडे वळली. "सर, तुम्ही सांगा."

सर उठून उभे राहिले होते. चेहरा चुन्यासारखा झाला होता. ओठ हलले, पण सवयीनं शब्द तेच आले. "समितीचं... काय मत आहे?"

"सर, पोरगी माझी आहे!"

सरांनी मान खाली घातली. मग एकदम म्हणाले, "नाही, थांबा, मी सांगतो—"

"तुम्ही गप्प बसा सर," वन्सं कडाडल्या. "तुमची वेळ संपली. आता आमचं आम्ही बघू. तुम्हीच शिकवलंय ना?" आणि बाटलीवालीकडे वळून म्हणाल्या, "पांढरं न् पिवळं काय दाखवतेस मला? दिसायला तर नितळ आहे. आण इकडे."

कुणी अडवायच्या आत त्यांनी कळशी तिरकी केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि घटाघटा प्यायल्या. मग तोंड पुसलं. "घ्या. मेले का मी?"

एक बाई खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

बाटलीवाली ओरडली नाही. तिचा आवाज इतका खाली गेला होता की बायकांना जवळ सरकावं लागलं. "तुम्ही मोठ्या आहात वन्सं. धट्ट्याकट्ट्या आहात. निभावून न्याल. ती माझ्या इस्त्रीहून थोडीच जड आहे. काल उचलली तर इस्त्रीएवढीही लागली नाही हाताला."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा एक हात पोटावर गेला, त्यांच्याही नकळत, आणि दुसरा गळ्यातल्या दोरीकडे. दोरीची गाठ बोटांना सुटेना. शेवटी त्यांनी दोरी दातांनी तोडली.

चेंबरवर दोघी वाकल्या. दोन्ही कुलुपं उघडली. व्हॉल्व्ह गंजून आखडला होता, पाणी आता पंपाच्या वेळेनंच यायचं, त्यामुळे इतक्या दिवसांत तो कुणी हलवलाच नव्हता. दोघींनी मिळून जोर लावला, सरही आले, तेव्हा कुठे तो कुरकुरत फिरला. खालच्या गल्लीचं पाणी बंद झालं.

"झालं," वन्सं म्हणाल्या आणि तिथेच मातीत बसल्या. "उद्याचं उद्या बघू. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन."

तेवढ्यात पंपवाला मशीनघरातून हात पुसत बाहेर आला. ह्या बायका चेंबर उघडून काय करताहेत ते त्याला कळेना. "आता काय बंद करताय? आजचं पाणी केव्हाच देऊन झालंय. पंप बंद करूनच तर आलो मी."

बाटलीवालीनं वर पाहिलं.

देऊन झालंय. म्हणजे व्हॉल्व्ह उद्याचं पाणी अडवणार होता. आजचं नाही. आजचं पाणी गल्लीतल्या घराघरात, कोनाड्यात, झाकण ठेवून, स्वच्छ फडक्यानं बांधून ठेवलेलं होतं. तिनंच शिकवलं होतं, पिण्याचं पाणी झाकून ठेवा.

ती उठली. चढ उतरताना चप्पल तुटली, ती तिथेच टाकली. मागून सर येत होते, आणखी दोघी-तिघी येत होत्या. पहिल्या घरात म्हातारा एकटाच होता. "कळशी ओता, काका."

"ओतू? भरलेली कळशी? वेड लागलं का तुला? उद्या नळ आला नाही म्हणजे?"

"उद्या येणार नाही. तरी ओता."

म्हातारा ऐकेना. कळशीला मिठी मारून बसला. सर त्याच्यापाशी थांबले, ती पुढे गेली. दुसऱ्या घरातल्या बाईनं शब्दानंही न विचारता मोरीत ओतली, कारण बाटलीवालीचा चेहरा तिनं पाहिला. तिसऱ्या घरी कुलूप. खिडकीतून आतली कळशी दिसत होती, तिच्यावर पालथा पेला. शाळा सुटली की पोरं येणार, आणि आधी तोच पेला उचलणार.

फोन वाजला. लेक.

"आई, तिला लघवी झाली गं. डॉक्टर म्हणाले, आता बरं आहे." लेक रडत होती आणि हसतही होती. "आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय." तिनं पदरानं चेहरा पुसला.  "पाजलंस काही?"

"इथलंच पाणी दिलं उकळून. तू आली नाहीस ना. आई, तू लवकर ये. इथे आपल्या गल्लीतली अजून दोन पोरं आणलीत आत्ता. एक तर त्या शिकवणीवाल्या बाईंचा. तो डोळेच उघडत नाहीये."

"येते," ती म्हणाली. "येते गं. जरा उशीर होईल."

एकेक घर घेत ती सुताराच्या दारी पोचली. दार सताड उघडं होतं. सुतारीणबाई भिंतीला टेकून बसल्या जागी झोपल्या होत्या, रात्रीच्या जागरणानं तोंड उघडं पडलेलं. धाकटा त्यांच्या मांडीवर नव्हता. तो कळशीपाशी उभा होता. पायांत बळ नव्हतं, म्हणून एका हातानं त्यानं कळशीचा काठ धरला होता. दुसऱ्या हातातला पेला त्यानं दोन्ही ओठांत घट्ट पकडला होता, आणि तो पीत होता, डोळे मिटून, एका दमात, जसं फार तहानलेलं मूल पितं तसं.

ती उंबरा ओलांडून धावली.